बाईंचा श्वास कोणी पुसला?

१

यंत्र वाचायला लागलं ते थांबायचं नावच घेईना.

हे यंत्र दृष्टी नसलेल्या माणसांसाठी होतं. पुस्तक त्याच्या भिंगाखाली धरलं की ते मोठ्याने वाचून दाखवायचं, तेही एका निवृत्त रेडिओ निवेदिकेच्या आवाजात. या बाईंचा आवाज असा, की त्यांनी वाणसामानाची यादी वाचली तरी माणूस ऐकत बसावा. पण त्या सोमवारी सकाळी बाईंच्या आवाजात यंत्र जे सुटलं, ते कुत्रं मागे लागल्यासारखं. राजा म्हणाला मी येणार नाही राणी रडली प्रधान आला दार वाजलं, सगळं एका दमात. पूर्णविराम आला तसा गेला. पान संपलं तेव्हा धाप लागली ती ऐकणारीला.

ऐकणारीला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणत, तेही तोंडावर. तिची त्याला हरकत नव्हती. बनलेली वस्तू चालते का हे तपासणं हे तिचं काम, म्हणजे शंका घेण्याचाच तिला पगार. घरी ती शंका घेई तेव्हा नवरा आधी वैतागे आणि मग मुकाट्याने गॅस बंद आहे का ते बघून येई.

"शुक्रवारी सकाळी हेच पान ऐकलं होतं मी," ती कप्तानाला म्हणाली. "छान थांबत थांबत वाचत होतं."

कप्तान म्हणजे त्यांच्या छोट्या चमूचा प्रमुख. त्याचा चेहरा आंबट झाला होता, कारण उद्या हे यंत्र अंधशाळेत पोचवायचं होतं. त्याने तिला आपल्या पडद्याजवळ बोलावलं.

"गुन्हेगार सापडलाय, शंकासुर. हे बघा. बाईंच्या आवाजाच्या सगळ्या फाइली, म्हणजे यंत्राने कसं वाचायचं हे ज्यांत ओळीओळीने लिहिलंय त्या, शुक्रवारी दुपारी बदलल्या आहेत. आणि बदल आहे नुकत्याच लागलेल्या आपल्या नवीच्या नावावर."

"काय बदललंय?"

"तीच तर गंमत आहे." त्याने जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी उघडली. "एक अक्षर इकडचं तिकडे नाही. म्हणजे हिने काहीतरी केलं आणि मागचे माग पुसले. मालकांना संध्याकाळपर्यंत नाव हवंय. तिची कायम होण्याची मुदत याच आठवड्यात संपते. काय होणार ते उघड आहे."

शंकासुर त्या दोन सारख्या फाइलींकडे बघत राहिली. जी मुलगी माग पुसण्याइतकी हुशार, ती स्वतःचं नाव पुसायला कशी विसरली?

२

नवी जिन्याच्या वळणावर उभी होती. खाली छापखाना होता, त्याच्या यंत्रांच्या ठोक्यांनी कठडा हलके थरथरत असे. तिच्या हातात रुमाल होता, पण डोळे कोरडे होते. रडून झालं असावं, किंवा घरी जाऊन रडायचं ठरवलं असावं.

"ताई, मी आवाजाचा फोल्डर आजवर उघडलेलासुद्धा नाही," ती म्हणाली. "मी फक्त आवाज लहान-मोठा करायचं काम केलं आणि शुक्रवारी जेवणानंतर पाठवून दिलं."

"मग फाइलींवर तुझं नाव कसं?"

"मला काय माहीत? ताई, मुलासाठी सहा वर्षं घरी बसले होते मी. मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न तोच, इतकी वर्षं काय केलंत? इथेच तेवढं कोणी विचारलं नाही. आता इथूनही काढलं तर मला कोण घेणार आहे?"

शंकासुराने धीराचा शब्द दिला नाही. तपासणाऱ्याने आधीच बाजू घेतली की तपास संपतो, असं तिचं मत होतं.

"काम पाठवताना काही वेगळं झालं का? कितीही क्षुल्लक असू दे."

नवीने आठवून पाहिलं. "मास्तरने फार वेळ लावला. एरवी पापणी लवते न लवते तोवर उरकतो. त्या दिवशी मी चहा घेऊन आले, कप धुतला, तरी त्याचं आपलं चालूच."

शंकासुर दोन पायऱ्या खाली उतरली होती, ती परत वर आली. "काय म्हणालीस?"

३

मास्तर हा माणूस नव्हे. कोडची शिस्त तपासणारं ते एक टूल होतं. कोणीही काम पाठवलं की मास्तर सगळ्या फोल्डरांतून फिरे. ओळ वाकडी आहे का, नाव नीट ठेवलंय का, कोडशेजारी खुलासा लिहिलाय का, सगळं पाही. ओळीच्या शेवटी सांडलेली मोकळी जागा तर त्याला मुळीच खपत नसे. ती दिसली की परस्पर पुसून टाकी, विचारतही नसे. आणि त्या फेरीत त्याने जिथे जिथे हात लावला, ते सगळं काम पाठवणाऱ्याच्या नावावर चढे. बाकीच्या चुकांची भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नावानिशी दवंडी. त्या पडद्याला सगळे वचकून असत.

"पण मास्तरवर संशय घेऊ नका," जावईबापू म्हणाला. हा तरुण इंजिनियर ऑफिसात सासुरवाडीला आल्यासारखा वावरत असे. खुर्ची दुसऱ्याने आणून द्यावी, चहा दुसऱ्याने, आणि कौतुक मात्र सगळ्यांनी मिळून करावं. "बाई आपल्या नोकर नाहीत. त्यांचा आवाज आपण बाहेरून आणला, म्हणून तो 'बाहेरचं सामान' या फोल्डरात आहे. आणि काही फोल्डरांच्या वाटेला मास्तर जातच नाही. बाहेरचं सामान, यंत्राने आपोआप बनवलेल्या फाइली, जुन्या प्रतींची अडगळ. ही यादी त्याच्या पोटातच आहे. आपण काही सांगावं लागत नाही."

"त्याच्या सेटिंगमध्ये कोणी हात घातला असेल तर?"

"तर नाव कळणार नाही. विसरलात का तह?"

ती विसरली नव्हती. पूर्वी ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा किती सोडावी यावरून या ऑफिसात असं महाभारत झालं होतं, की दोन शहाणी माणसं महिनाभर एकमेकांशी चिठ्ठ्यांनी बोलत होती. शेवटी तह झाला. मास्तरच्या सेटिंगला कोणी स्वतःच्या नावाने हात लावायचा नाही. कोपऱ्यातल्या सामाईक संगणकावरून, 'पंच' या नावानेच लावायचा. म्हणजे राग कोणावर धरायचा हेच कळणार नाही. तहाची आणखीही काही कलमं होती, पण ती आता कोणाला आठवत नव्हती.

"शुक्रवारी दुपारी तू कोपऱ्यातल्या संगणकावर बसला होतास?"

"मी? त्या मोडक्या खुर्चीत?" जावईबापू म्हणाला. हे मात्र तिला पटलं.

उरले शिस्तबुवा. चमूतले सर्वांत जुने इंजिनियर, नीटनेटकेपणासाठी प्रसिद्ध. मास्तर इथे आणला तोही त्यांनीच. हल्ली त्यांनी आपलं टेबल खिडकीशी ओढून घेतलं होतं आणि कानाला दिवसभर हेडफोन लावलेला असे. सगळ्यांना वाटे, म्हातारपणी गाण्याचा नाद लागला.

ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी हेडफोन काढून मान वर केली.

"कोण?"

"मी."

"शंकासुर होय. बसा, बसा."

तिने बिघाडाची हकिगत लिहिलेला कागद पुढे केला. त्यांनी तो घडी करून खिशात टाकला. "नंतर बघतो. तुम्हीच सांगा ना काय झालंय ते."

तिने सांगितलं. नवीचं नाव ऐकून ते अस्वस्थ झाले. "त्या मुलीने काही केलेलं नाही. तिचं काम फार स्वच्छ असतं. आणि बाई शुक्रवारी संध्याकाळपासूनच अशा धावतायत."

शंकासुर उठता उठता थांबली. तपासणीचं यंत्र शुक्रवारी दुपारपासून तिच्या कपाटात कुलूपबंद होतं, ताज्या फाइली त्यात तिने आज सकाळीच भरल्या होत्या, आणि दुसरं यंत्र ऑफिसात नव्हतं.

"तुम्ही कुठे ऐकलंत?"

शिस्तबुवांनी हेडफोन हातात घेतला, परत खाली ठेवला. "असेल ऐकलं कुठेतरी," ते म्हणाले.

४

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि तसाच ठेवला. जुनी फाइल आणि नवी फाइल अक्षरशः सारखी. मग फरक कुठे? पडद्याने दाखवला नाही, म्हणून तो नाहीच असं कोणी सांगितलं? तिने फाइली वाचायचं सोडलं आणि त्यांचं नुसतं आकारमान पाहिलं. नवी फाइल जुनीपेक्षा हलकी होती. एक नाही, सगळ्याच.

अक्षर गेलं नाही आणि वजन मात्र घटलं. मग गेलं ते काय?

तिने निवेदिकाबाईंना फोन लावला. बाई घरी होत्या आणि त्यांना गप्पा हव्याच होत्या.

"तुमच्याकडचा तो आधीचा इंजिनियर, नोकरी सोडून गेला बघा, फार गुणी हो," बाई म्हणाल्या. "मला म्हणाला, बाई, कशानंतर किती थांबायचं हे मला शब्दांत सांगू नका. मी ओळ दाखवतो, तुम्ही ती मनात म्हणा, आणि शेवटी जेवढा श्वास घ्याल तेवढ्या वेळा ही लांब पट्टी दाबा. छोट्या श्वासाला एकदा, प्रश्नानंतर दोनदा, दुःखाचं असलं तर जास्त. कित्येक दुपारी बसून ओळीओळीला श्वास दिलेत मी. चांगले आहेत ना अजून?"

"आहेत," शंकासुर म्हणाली, आणि खोटं बोलल्याबद्दल तिने मनातल्या मनात कान पकडले.

कीबोर्डवरची लांब पट्टी म्हणजे मोकळी जागा. बाईंचा श्वास म्हणजे ओळींच्या शेवटी सोडलेल्या मोकळ्या जागा; त्या मोजूनच यंत्र कुठे किती थांबायचं ते ठरवत असे. कोणीतरी त्या सगळ्या पुसल्या होत्या, आणि तरी पडद्यावर फरक दिसत नव्हता, कारण...

कारण तहाचं विसरलेलं कलम. भांडण मोकळ्या जागेवरून, म्हणून दोन फाइलींची तुलना करताना मोकळी जागा कोणाला दाखवायचीच नाही, असं सगळ्यांच्या संगणकावर ठरवून ठेवलं होतं. भांडण मिटावं म्हणून त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती, आणि पुढे ती बांधली आहे हेही विसरले होते. तिने ते सेटिंग बदललं. जुन्या फाइलीचा उजवा काठ वरपासून खालपर्यंत लाल झाला.

सांडलेली मोकळी जागा न विचारता पुसणारा ऑफिसात एकच होता. पण मास्तर त्या फोल्डरात जातच नव्हता.

५

तिने मास्तरची सेटिंगची फाइल उघडली. शुक्रवारी, नवीने काम पाठवायच्या थोडं आधी, 'पंच' या नावाने तिच्यात एकच ओळ वाढवली होती. 'बटणं' हा फोल्डर तपासू नये, एवढीच.

ती बुचकळ्यात पडली. मास्तरला कुठे जा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. उलट आणखी एका दारावर जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. एक दार लावल्याने दुसरं उघडतं, असं कुठे असतं का?

शंका आली की करून बघायचं, हा तिचा शिरस्ता. तिने सगळ्या कामाची वेगळी प्रत काढली आणि ती ओळ खोडून मास्तरला फिरवलं. पापणी लवते न लवते तोवर उरकलं, श्वास जागच्या जागी. ओळ परत घातली आणि फिरवलं. मास्तर गेला तो येईचना. तिचा डबा खाऊन झाला तेव्हा कुठे आला, आणि येताना बाईंचे सगळे श्वास पुसून आला.

मग तिने टूलची माहितीपुस्तिका काढली, जी या ऑफिसात कोणीच वाचली नव्हती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: वगळायच्या फोल्डरांची यादी तुम्ही दिली नाहीत, तर आमची यादी धरली जाईल. तुम्ही दिलीत, तर फक्त तुमचीच.

म्हणजे ज्याने ती ओळ लिहिली, त्याला वाटलं आपण यादीत एक नाव घालतोय. प्रत्यक्षात त्याने जुनी यादी पुसून आपली एका नावाची यादी मांडली. बाहेरचं सामान, अडगळ, सगळी दारं सताड उघडी पडली, आणि त्यानंतर पहिल्यांदा काम पाठवलं ते बिचाऱ्या नवीने. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

'बटणं' या फोल्डरात, म्हणजे यंत्राच्या बटणांच्या कोडवर, दोघे काम करत. जावईबापू आणि शिस्तबुवा. आळशी कोण, हे कोणीही सांगितलं असतं.

तिने मास्तरला मुद्दाम त्या फोल्डरात पाठवलं. पडदा लाल झाला. तिने एकेक चूक वाचली आणि तिचा चेहरा उतरत गेला. जावईबापूच्या चुका तिला पाठ होत्या. तो खुलासे लिहायचा कंटाळा करी. इथे प्रत्येक भागाआधी खुलासा होता, सुरेख, पूर्ण वाक्यांत. चुका होत्या त्या वेगळ्याच. ओळी एकेका घराने सरकलेल्या. तोच शब्द लागोपाठ दोनदा. सारखी दिसणारी दोन नावं एकमेकांच्या जागी. आणि जुन्या प्रती पाहिल्या तर महिन्यामागून महिना त्या वाढतच गेल्या होत्या.

या आळसाच्या चुका नव्हत्या. असं लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते दिसत नव्हतं.

६

शिस्तबुवा खिडकीशी तसेच बसले होते. या वेळी ती समोर उभी न राहता शेजारी बसली आणि तिने हेडफोनचं एक टोक आपल्या कानाला लावलं. गाणं नव्हतंच. निवेदिकाबाई कोड वाचत होत्या, धापा टाकत.

"यंत्रातला आवाज तुम्ही तुमच्या संगणकाला जोडून घेतलात, त्याच फाइलींसकट," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला शुक्रवारीच कळलं."

त्यांनी बाईंचा आवाज बंद केला. खाली छापखान्याचे ठोके चालू होते.

"मधोमध काही दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. माणूस समोर उभा राहिला की चेहरा नसतो, कान असतात. डॉक्टर म्हणतात पूर्ण आंधळे होणार नाही, पण सुधारणारही नाही. भिंतीवरच्या त्या पडद्यावर माझं नाव येत होतं, शंकासुर. मास्तर मी आणला, आणि रोज माझंच नाव. रोज पहाटे, कोणी पडदा बघायच्या आत येऊन दुरुस्त करायचो. मग तेही जमेना. म्हटलं, तेवढा एक फोल्डर वगळू. तेवढ्याने कोणाचं काय जातंय?"

"बाईंचा श्वास गेला."

तिने यादीचं काय झालं ते समजावून सांगितलं. अर्ध्यातच त्यांना सगळं कळलं.

"म्हणजे त्या मुलीचं नाव माझ्यामुळे..."

"संध्याकाळी मालकांकडे जायचंय ते. श्वास काय, जुन्या प्रतीत सगळे आहेत, आत्ता परत आणते. नावाचं तेवढं माझ्या हातात नाही. 'पंच' म्हणून लिहिलंय, ती ओळही तिनेच घातली म्हणतील, आणि तुम्ही गप्प बसलात तर मी काही सिद्ध करू शकत नाही."

हे तिने मुद्दाम सांगितलं, कारण ते खरं होतं. शिस्तबुवा उठले. खुर्चीच्या पाठीवर हात टेकवत, टेबलांच्या कडा चाचपत ते कप्तानाच्या खोलीकडे निघाले, आणि हे आपण इतके दिवस कसं पाहिलं नाही असं वाटून तिला स्वतःची शरम वाटली.

कप्तानाने सगळं ऐकून घेतलं. नवी दाराशी उभी होती, तिला आत बोलावलं होतं. मागे चहाचा कप घेऊन जावईबापूही आला होता.

"राजीनामा लिहून देतो," शिस्तबुवा म्हणाले. "तिचं नाव काढा."

"नाव काढलंच," कप्तान म्हणाला. "आधी माझं लावायला हवं. सकाळी मीच ठरवून मोकळा झालो होतो. मुली, तू कायम झालीस असं समज. कागद उद्या देतो." मग तो शिस्तबुवांकडे वळला. "आणि राजीनामा कसला? दिवसभर यंत्र ऐकत काम करणारा माणूस आम्ही वर्षभर बाहेर शोधतोय, आमचं यंत्र खरोखर उपयोगाचं आहे का हे सांगायला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सांगा ना, कसं आहे?"

शिस्तबुवा क्षणभर गोंधळले. "वाईट आहे," मग ते म्हणाले. "कंस आला की अडखळतं. आकडे घाईत म्हणतं. चाळीस गोष्टी सांगेन."

"चाळीस सांगा."

शंकासुराने मास्तरची ओळ बदलली. या टूलमध्ये मूळची यादी तशीच ठेवून तिच्यात भर घालायची वेगळी सोय होती, तीच तिने वापरली. तिने 'बटणं' काढून टाकलं, आणि बाहेरच्या सामानाला हात लावू नये हे ठळक शब्दांत लिहिलं, पोटातल्या यादीवर विसंबून न राहता. तुलनेच्या पडद्यांवरची पट्टी सगळ्यांच्या संगणकावरून उतरवली. भांडण झालंच तर होऊ दे, ती म्हणाली, निदान दिसेल तरी.

मग यंत्र लावलं. राजा म्हणाला, मी येणार नाही. आणि बाई थांबल्या. सगळी खोली त्यांच्याबरोबर थांबली. राणी रडली, बाई म्हणाल्या, आणि आणखी थोडं थांबल्या.

नवीने डोळे पुसले, ते आता पुसायला हरकत नव्हती. मग ती कप्तानाला म्हणाली, "मला उद्यापासून बटणांचं काम द्या. सरांच्या शेजारी बसते. ओळी सरकल्या तर मी सांगत जाईन."

"माझ्या शेजारी बसायचं तर स्वच्छ लिहावं लागेल," शिस्तबुवा म्हणाले. आवाज जुना होता, मास्तर आणला त्या दिवसांतला.

"गचाळ लिहिलं तर तुम्हाला दिसणार कसं?" हे तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. जावईबापूने कप खाली ठेवला.

शिस्तबुवा मात्र हसले, कितीतरी महिन्यांनी.

"गचाळपणा ऐकू येतो, पोरी," ते म्हणाले. "ये उद्या, तुलाही ऐकायला शिकवतो."